घरात किती दिवसांचं असावं?

केजच्या पेठेत किराणा दुकानांची रांग आहे. आडस, होळ, युसूफवडगाव अशा गावांतही दुकानं आहेत आणि तिथे पिठापासून साबणापर्यंत सगळं पुडीत मिळतं. मग वर्षाचं धान्य वाळवा, निवडा, भरा, राखा ही कटकट करायची कशाला? नव्याने संसार मांडणारी मुलंमुली हा प्रश्न विचारतात आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर मात्र ‘आमच्या वेळी असंच होतं’ एवढंच देऊन भागत नाही. किती साठवायचं, किती दिवस टिकतं आणि बिघडतं ते का बिघडतं, हे एकेक करून पाहू.

१. सुगी एकदा, चूल रोज

केज तालुका बालाघाटच्या रांगा आणि मांजरेचं खोरं यांच्या मधला. पाऊस कमी आणि बेभरवशाचा. इथलं मूळ धान्य ज्वारी. परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरायची, थंडीत दवावर वाढायची आणि माघ-फाल्गुनात काढायची. वर्षाची भाकरी एका खळ्यावर एकदाच घरात यायची आणि तिला पुढच्या खळ्यापर्यंत पोहोचवायचं काम घरातल्या बाईकडे असायचं. म्हणून माळवदाच्या घरांत भिंतीच्या आत बळद असायचं, कोपऱ्यात शेणामातीने सारवलेली कणगी असायची आणि गावाच्या उंचवट्यावर, घट्ट मुरमात, पेवं असायची.

आता शिवारात सोयाबीन आलं आहे. सोयाबीन आडतीवर जातं आणि त्याचे पैसे दसरा-दिवाळीच्या सुमाराला एकगठ्ठा हातात येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात उचल येते तीही एकदाच. कणगीची जागा पैशाने घेतली, पण मूळ अडचण तशीच राहिली, कारण मिळकत वर्षातून एक-दोनदा येते आणि खाणारी तोंडं रोज दोनदा बसतात. शिवाय पैसा फार सहज वाटा बदलतो. लग्न, दवाखाना, बोअर, मोटारसायकलचा हप्ता यांत ज्वारीचे पैसे कधी गेले ते कळत नाही. कोठीतली ज्वारी तेवढ्या सहज जात नाही. माझ्या मते घरचा साठा ठेवण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. खळ्यावरचा भाव बहुधा श्रावणातल्या भावापेक्षा उतरलेला असतो, हे दुसरं.

साठ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९७२ चा दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. १९७० पासून पाऊस हुलकावणी देत होता आणि एका वर्षाच्या बेगमीवर सलग तीन वर्षं निघत नाहीत. कणग्या रिकाम्या झाल्यावर लोक खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेले, परदेशातून आलेला लाल मिलो आणि सुकडी खाऊन जगले. त्याच काळात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. एक वाईट वर्ष घर पेलू शकतं. त्यापुढे शासनालाच उभं राहावं लागतं.

२. पोत्यांत मोजू नका, दिवसांत मोजा

‘आमच्याकडे चार पोती आहेत’ या वाक्यातून काहीच कळत नाही. चार पोती किती माणसांत आणि कधीपर्यंत?

एक घर धरू. शेतात राबणारे नवरा-बायको, आजी, बारा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी. एका भाकरीला साधारण शंभर ग्रॅम पीठ लागतं. दिवसाचा हिशेब असा : बाप्याला ५०० ग्रॅम, बाईला ४५०, आजीला ३००, मुलाला ३५०, मुलीला २००. बेरीज १८०० ग्रॅम, म्हणजे रोज १.८ किलो आणि महिन्याला ५४ किलो. वर्षाचे होतात ६५७ किलो. पाहुणेरावळे, सणवार, थोडी नासाडी धरून सात क्विंटल.

डाळ माणशी ४० ग्रॅम धरली तर रोज २०० ग्रॅम, वर्षाला ७३ किलो. एक क्विंटल तूर भरडली की ७० ते ७५ किलो डाळ निघते, म्हणजे घरची एक क्विंटल तूर या घराला वर्षभर पुरते. तेल माणशी २५ ग्रॅम धरा : रोज १२५ ग्रॅम, महिन्याला पावणेचार किलो. पंधरा किलोचा डबा बरोबर चार महिने जातो. तुमच्या घरात तो अडीच महिन्यांतच संपत असेल, तर साठा कमी पडला असं समजण्याआधी कढईकडे एकदा बघा.

आता उपयोगाचा भाग. मृग निघाला आहे आणि कोठीत १५० किलो ज्वारी आहे. १५० ला १.८ ने भागलं की ८३ दिवस. नवी ज्वारी यायला अजून आठ महिने, म्हणजे जवळपास २४० दिवस. याचा अर्थ पोळ्याच्या आसपास कोठीचा तळ दिसणार. हे जूनमध्ये कळलं तर चार ठिकाणी भाव विचारता येतो, नात्यातल्या कोणाकडून खळ्यावरच्या भावाची ज्वारी मिळते का बघता येतं. तळ दिसल्यावर कळलं तर दुकानदार म्हणेल तो भाव.

३. रेशन किती भार उचलतं?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर माणसं कितीही असली तरी कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. आपल्या पाच जणांच्या घराला २५ किलो मिळाले, गरज ५४ ची. उरलेले २९ किलो स्वतःचे. वर्षाला साडेतीन क्विंटलच्या आसपास. म्हणजे रेशन असलेल्या घराला सात क्विंटल भरायची गरज नाही, निम्मं पुरे. पण ‘रेशन आहे, मग साठा कशाला’ हेही खरं नाही.

यात एक फरक लक्षात घ्यावा लागतो. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ येतो आणि इथल्या ताटात भाकरी असते. म्हणून घरच्या साठ्यात ज्वारी ठेवावी आणि गहू-तांदळाला रेशनवर सोडावं, हा सरळ मार्ग. केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांचं आणखी वेगळं आहे. बीडसह १४ जिल्ह्यांत त्यांना २०१५ पासून सवलतीचं धान्य मिळत होतं आणि २०२३ मध्ये धान्याऐवजी खात्यावर पैसे देण्याचा निर्णय झाला. पोत्याची जागा पैशाने घेतली की काय होतं, ते वर आलंच आहे. ते पैसे येतील त्या आठवड्यातच त्यांची ज्वारी व्हावी.

४. कोरडं म्हणजे किती कोरडं?

धान्य मेलेलं नसतं. प्रत्येक दाण्यात कोंब असतो आणि तो अगदी हळू श्वास घेत असतो. श्वास घेताना थोडी उष्णता आणि थोडी वाफ बाहेर पडते. दाणा कोरडा असेल तर हा श्वास नावापुरता चालतो. ओल राहिली की श्वास वाढतो, उष्णता वाढते, वाफ शेजारच्या दाण्याला ओला करते आणि पोतं आतून तापत जातं. ओल्या कडब्याची गंजी लावली तर ती मधून कशी वाफाळते आणि काळी पडते, तसंच पोत्याच्या पोटात घडतं. म्हणून सगळ्याच्या आधी ओलावा.

ज्वारी-गव्हात ओलावा शंभरात बाराच्या आत हवा, कडधान्यांत नऊ-दहाच्या आसपास. तेरा-चौदाच्या वर बुरशीला रान मोकळं. हे मोजायला यंत्र नसलं तरी दोन साधे उपाय आहेत. एक जुना : दाणा दाढेखाली धरला तर कट्कन फुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. दुसरा : कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि तव्यावर भाजून निवलेलं कोरडं मीठ घ्या, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ओलावा पंधराच्या वर आहे, धान्य पुन्हा उन्हात.

उन्हात घालतानाही एक गोष्ट हमखास राहून जाते. तापलेलं धान्य लगेच कोठीत भरलं की रात्री पत्रा गार होतो आणि आतल्या वाफेचं पाणी वरच्या थरावर उतरतं. चार दिवसांनी झाकण उघडलं की कुबट वास. धान्य संध्याकाळी सावलीत पसरून निवू द्यावं, मगच भरावं. पोती फरशीवर नकोत, भिंतीला टेकून नकोत. खाली फळ्या आणि मागे हातभर जागा हवी, म्हणजे ओल चढत नाही आणि उंदराचं बीळ दिसतं.

बुरशी लागलेली ज्वारी धुऊन-वाळवून खाण्याचा मोह गरिबीत होतो. तो टाळायला हवा आणि त्याचं कारण ठोस आहे. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, आंध्र आणि कर्नाटकातल्या काही गावांत, काढणीच्या वेळी अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका लोकांनी खाल्ला. पोटदुखी आणि हगवणीने घरंच्या घरं आजारी पडली. तपासणीत त्या धान्यात बुरशीचं विष सापडलं. ते धुऊन जात नाही आणि भाकरी भाजल्यानेही पुरतं नष्ट होत नाही. रब्बीची ज्वारी कोरड्या हंगामात निघते, म्हणून ती टिकाऊ. खरिपाची ज्वारी कापणीला पावसात सापडते, ती वर्षभरासाठी भरूच नये.

५. टोके येतात कुठून?

‘डबा घट्ट बंद होता, तरी टोके झाले!’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. आपोआप काही होत नाही. टोक्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. बाहेरून दाणा धड दिसतो. आत अळी पीठ खात वाढते आणि उन्हाळा-पावसाळ्याच्या उबेत साधारण महिना-सव्वा महिन्यात पूर्ण किडा दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी आयुष्यात दीड-दोनशेच्या पुढे अंडी घालू शकते. समजा त्यातले शंभर जगले आणि निम्म्या माद्या झाल्या. पुढच्या फेरीत पन्नास गुणिले शंभर, म्हणजे पाच हजार. ज्येष्ठात दिसलेल्या एका टोक्याचं श्रावणात काय होतं, ते असं. चाळून दिसणारे किडे काढले तरी दाण्यातले राहतात, म्हणून महिन्याने पुन्हा चाळावं लागतं.

तुरी-मुगाचा भुंगा वेगळा. तो अंडी दाण्याच्या वर चिकटवतो, पांढरे ठिपके दिसतात ते हेच. आणि तो बऱ्याचदा शेतातूनच शेंगेबरोबर घरी येतो. त्याला अखंड दाणा लागतो. म्हणून तूर अख्खी ठेवण्यापेक्षा उन्हाळ्यात तेल-पाण्याचा हात लावून, वाळवून, भरडून डाळ करून ठेवली की त्याचा त्रास फार कमी होतो. उन्हाळ्यात जात्यावर बसणाऱ्या बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या पाळलं आहे.

घरगुती उपायांपैकी कशात किती दम आहे? चुलीची चाळलेली राख खरोखर काम करते. ती दाण्यांमधल्या फटी बुजवते, किड्याला हिंडता येत नाही आणि त्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडून तो सुकून मरतो. पण चिमूटभर राखेने भागत नाही, दाणे राखेत घोळले पाहिजेत. गव्हाला एरंडेलाचा हात लावला की त्या पातळ थराखाली अंडी गुदमरतात. कडुलिंबाचा पाला किड्यांना दूर ठेवतो, दाण्यात शिरलेल्यांना मारत नाही. आणि तो सावलीत पूर्ण वाळलेला हवा. ओला पाला घातलात तर बुरशीला आमंत्रण. उन्हाचं बळ या सगळ्यांहून मोठं. वैशाखात पत्र्यावर किंवा फरशीवर बोटभर थरात पसरलेलं धान्य पन्नास अंशांच्या पुढे तापतं आणि त्यात दाण्यातली अळीसुद्धा तग धरत नाही.

कृषी दुकानात मिळणाऱ्या सेल्फॉससारख्या गोळ्या मात्र घरात आणू नका. हे मी कळकळीने सांगतो. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळ्यांतून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. तो माणसालाही तितकाच मारतो आणि त्यावर उतारा औषध नाही. धान्याची पोती असलेल्याच खोलीत झोपून माणसं दगावल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. या गोळ्या वापरण्याची परवानगी प्रशिक्षित माणसांनाच आहे आणि ती गोदामांसाठी आहे. वाचवायची आहे ती दोन पोती ज्वारी. त्यासाठी लेकरांच्या उशाशी विष ठेवायचं नाही.

६. पेवात ज्वारी का टिकायची?

खोल खड्डा, तळाला आणि कडेला कडबा-भुसकट, वर दगड आणि मातीचा लेप. ना औषध ना पत्रा, तरी ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. कडेचे दाणे काळे पडत, वास येई, पण पोटातला माल खाण्याजोगा निघे. कारण श्वासाचंच आहे. बंद पेवात दाणे आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. हवा संपली की किडे मरतात, दाण्याचा श्वास मंदावतो आणि धान्य जसंच्या तसं पडून राहतं.

हेच पेव माणसाचा जीवही घेई. तोंड उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस गुदमरून पडायचा आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. म्हणून जाणती माणसं तोंड उघडून दिवसभर हवा खेळू देत, आधी कंदील सोडत आणि तो विझला तर कोणाला उतरू देत नसत.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात चवळी साठवण्यासाठी याच तत्त्वावर एक पिशवी तयार केली. आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं, तोंड घट्ट बांधलेलं. औषधाचा कण नाही. आज अशा हवाबंद पिशव्या भारतातही मिळतात.

पत्र्याच्या कोठीतही हे थोडंफार साधतं, फक्त तिची रोज उघडझाप करायची नाही. कोठी काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवाच कमी राहते. झाकणाच्या फटीला कापडाची पट्टी लावावी. महिन्याचं धान्य एकदाच काढून लहान डब्यात घ्यावं आणि कोठी पुन्हा महिनाभर बंद. एवढ्या एका सवयीने निम्मी कीड कमी होते, असं मला वाटतं.

७. पीठ, तेल आणि पाणी

दाणा वर्ष काढतो, पीठ नाही. बाजरीच्या दाण्यात तेलाचा अंश जास्त असतो. दळल्यावर ते हवेला उघडं पडतं आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होतं. ज्वारीचं त्याहून थोडं बरं. गिरणीत आठवड्यापुरतंच न्यावं. तेल उजेड आणि उष्णता यांपासून दूर ठेवावं. गूळ-मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं, त्यांना चिनी मातीची बरणी. येसर, सांडगे, खारोड्या, हरभऱ्याची वाळवलेली भाजी हे भाजी नसलेल्या दिवसांचं खरं बळ आहे आणि ते दुकानात घरच्यासारखं मिळत नाही.

पाणीही साठ्यातच मोजावं. मांजरा धरण याच तालुक्यात धनेगावला आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पिण्या-रांधण्यापुरते माणशी सात लिटर धरले तर पाच जणांना आठ दिवसांसाठी २८० लिटर लागतात. दोनशे लिटरचं एक पिंप पुरत नाही. पिंपाला झाकण किंवा फडकं हवं आणि आठवड्यातून एकदा ते घासून कोरडं करावं, कारण डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस घेतो.

८. घर दोन ठिकाणी राहतं तेव्हा

दिवाळीच्या आगेमागे केज, धारूर, वडवणीच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. घरी आजी-आजोबा आणि शाळेतली मुलं राहतात आणि पाडव्यापर्यंत एका घराच्या दोन चुली होतात.

दोन्हींचा हिशेब मांडू. मागे राहिलेले चौघे : आजी ३००, आजोबा ३५०, नातू ३५०, नात २००, म्हणजे रोज १२०० ग्रॅम. सहा महिन्यांना २१६ किलो. फडावरच्या दोघांचं काम जास्त कष्टाचं, रोज १०५० ग्रॅम धरा, १८९ किलो. एकूण ४०५. सहा जणांच्या प्राधान्य कार्डावर सहा महिन्यांत १८० किलो मिळतात. तूट २२५ किलो, सव्वादोन क्विंटल. उचलीतून सगळ्यात आधी एवढं धान्य घरात यावं, बाकीचं नंतर.

‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे कार्डावरच्या काही माणसांचं धान्य फडाजवळच्या दुकानातून आणि बाकीच्यांचं गावातून उचलता येतं. त्यासाठी सगळ्यांचं आधार जोडलेलं असावं आणि अंगठा उमटतो का, हे निघण्याआधी गावच्या दुकानात तपासून घ्यावं. उसाच्या पाल्याने सोललेली बोटं यंत्रावर उमटत नाहीत, मग पर्याय काय, हेही तिथेच विचारावं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा टोळ्या कारखान्यांच्या तळांवर अडकल्या आणि एप्रिलच्या मध्यावर सरकारने परतीची परवानगी दिली. हंगाम संपला तरी घरी पोहोचेपर्यंतचं पंधरा दिवसांचं धान्य वेगळं बांधून ठेवावं, हे त्या वर्षाने दाखवून दिलं. कोपी ओल्या जमिनीवर असते आणि फडात उंदीर असतातच, तेव्हा पोत्याऐवजी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम न्यावा.

मागे राहणाऱ्यांचा साठा आजीच्या हाताला झेपला पाहिजे. पन्नास किलोचं पोतं तिला हलत नाही, म्हणून दहा-दहा किलोचे डबे. तेलाचा मोठा डबा ओतताना सांडतो, म्हणून किलोच्या पिशव्या. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या निदान दोन महिन्यांच्या. गिरणीत दळण नेणारं शेजारचं कोणी ठरवून ठेवलेलं. डब्यांवर खडूने कार्तिक, मार्गशीर्ष, पौष अशी नावं लिहावीत, एका महिन्याचे डबे एकत्र. पौषाचा डबा मार्गशीर्षातच उघडावा लागला तर आजी तेवढंच फोनवर सांगते, आणि लेकाला मुकादमाकडून पैसे घेऊन घरी पाठवायला हाताशी काही आठवडे मिळतात.